सहा ठिकाणी खाती, सांभाळणारी माणसे दोन: आमच्या वाचनालयाने कोणती समाजमाध्यमे ठेवावीत?

अंत्रुजकर | सोमवार, रात्री ९:१२

फोंडा तालुक्यातील एका गावच्या वाचनालयाचा मी चिटणीस आहे. वाचनालयाला जोडून आमचे नाट्यमंडळ आहे. जत्रेला एक संगीत नाटक, श्रावणात भजन, दिवाळी सरल्यावर दोन व्याख्याने आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत मुलांसाठी हस्तलिखिताचा वर्ग, एवढाच आमचा व्याप आहे. त्याची वार्ता लोकांपर्यंत पोचावी म्हणून गेल्या बारा वर्षांत ज्याला ज्याला उत्साह आला, त्याने त्याने कोठेतरी एक खाते उघडून दिले. त्यामुळे आज आमचे फेसबुकवर पान आहे, इन्स्टाग्रामवर आणि एक्सवर खाते आहे, यूट्यूबवर वाहिनी आहे, टेलिग्रामवर एक गट आहे आणि व्हॉट्सॲपवर चार ग्रुप आहेत. खाती उघडून देणारी मुले पुण्याला, बेंगळुरूला, दुबईला किंवा बोटीवर गेली. सांभाळायला उरलो मी आणि आमच्या ग्रंथपालबाई.

गेल्या जत्रेत याचा उलगडा जरा महागात झाला. गायक नटाचा घसा बसल्यामुळे नाटक संध्याकाळऐवजी रात्री साडेदहाला करायचे ठरले. बदललेली वेळ आम्ही धावपळीने पाच ठिकाणी घातली, सहावे ठिकाण राहून गेले, आणि नेमके तेथेच वाचून डिचोलीचे एक कुटुंब म्हाताऱ्या आजीसह सहा वाजता मंडपात येऊन बसले. आजी काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या सुनेने मला जे ऐकवले ते रास्त होते.

म्हणून मागच्या व्याख्यानाच्या वेळी मी वाचनालयाच्या टेबलावर एक वही ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘कोठून कळले?’ एवढेच विचारले. बहुतेकांनी व्हॉट्सॲप सांगितले. त्यातही आमच्या ग्रुपवरून थेट कळलेले थोडे होते. बहिणीने, व्याह्यांनी किंवा भजनी मंडळातल्या कोणी पुढे पाठवल्यामुळे कळलेले अधिक होते. त्याखालोखाल वर्तमानपत्रातील कार्यक्रमांचे सदर आणि देवळासमोरचा फळा. फेसबुकचे नाव साठीच्या आसपासच्या चौघांनी घेतले. एक्स आणि टेलिग्राम यांचे नाव निघाले नाही. इन्स्टाग्रामचेही निघाले नाही. मात्र पंचविशीच्या आतले कोणी व्याख्यानाला आलेच नव्हते, त्यामुळे या शून्याचा अर्थ काय लावावा हे मला उमगलेले नाही.

‘जेथे माणसे जास्त तेथे आपण’ हा आजवरचा आमचा हिशेब होता. तो अपुरा आहे असे मला वाटू लागले आहे, कारण माणसे स्थलांतर करतात आणि मंच बंदही पडतात. आमच्या एका नटाने हौसेने ऑर्कुटवर समूह काढला होता. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. छायाचित्रे उतरवून घ्यायला मुदत होती, पण ते काम कोणाचे हे ठरलेले नव्हते, म्हणून ते कोणीच केले नाही. त्या वर्षांतील दोन नाटकांचे आज आमच्याकडे एकही चित्र नाही.

तेव्हा जाणकारांना विचारतो: मंच निवडताना संख्येखेरीज काय पाहावे, आणि आमच्यासारख्या दोन माणसांच्या संस्थेने यातले काय ठेवावे नि काय सोडावे?

तिसवाडीचा तिरकस | सोमवार, रात्री १०:०५

सगळे सोडावे. आपल्या वहीनेच सांगितले आहे की लोकांना बहिणीकडून कळते. बहीण या मंचाला पासवर्ड लागत नाही. फळा रंगवून घ्या, वर्तमानपत्राला वेळेत पत्र द्या आणि उरलेल्या वेळात पुस्तकांना कव्हरे घाला. आमच्या लहानपणी नाटकाची वार्ता चार वाड्यांपलीकडे आपोआप पोचत असे.

माटोळी | सोमवार, रात्री ११:३१

तिरकसकाका, आपल्या लहानपणी त्या चार वाड्यांतील मुले गावातच राहत होती. आता माझ्या वर्गातील अर्धी मुले सकाळी साडेसहाच्या बसने वेर्णा किंवा पणजी गाठतात आणि रात्री परततात. फळा ती अंधारातच पाहतात.

अंत्रुजकर सर, आपल्या शून्याचा अर्थ मी सांगू शकेन असे वाटते. मी डिचोली तालुक्यातील एका फुगडी पथकाचे इन्स्टाग्राम खाते सांभाळते. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील आणले आणि आमच्याकडची सगळी मुले तेथे आली. परंतु तेथे माणूस कार्यक्रमाची वेळ शोधायला येत नाही. बोट फिरवताना समोर येईल ते तो पाहतो. आपण नुसते निमंत्रणपत्रिकेचे चित्र चढवले तर ते त्याच्यासमोर येतच नाही. चित्राखालच्या मजकुरात दुवा दिला तरी त्यावर बोट ठेवून काही उघडत नाही. दुवा खात्याच्या परिचयात द्यावा लागतो किंवा स्टोरीवर चिकटवावा लागतो, आणि स्टोरी २४ तासांत जाते. म्हणजे सूचनाफलक म्हणून इन्स्टाग्राम निरुपयोगी आहे. तालमीतली तीस सेकंदे, मुखवटा रंगवणारा हात, पेटीवाल्या आजोबांनी चुकलेल्या मुलाला पुन्हा सूर दिला तो क्षण, अशा गोष्टी तेथे चालतात, आणि त्या पाहून ‘मलाही नाटकात घ्या’ म्हणणारी मुले येतात. आमच्या पथकात गेल्या वर्षी आलेल्या तीन मुली अशाच आल्या. पाहायला येणारे आणि भाग घ्यायला येणारे वेगळे असतात. आपल्या वहीत फक्त पहिले मोजले गेले.

आणखी एक मुद्दा भाषेचा आहे. आपल्याकडे घरात कोकणी बोलतात, निमंत्रणपत्रिका मराठीत छापतात आणि मोबाइलवर दोन्ही भाषा रोमन अक्षरांत लिहितात. व्हॉट्सॲपवर हे सगळे चालते: सूचना मराठीत, त्याखाली कोकणीतली ध्वनिफीत, त्यावर अंगठा. इन्स्टाग्रामवर कोकणी आवाज आणि देवनागरी मथळा असे मिश्रण आम्हाला मानवले. एक्सवर यातले काही जमले नाही, म्हणून आम्ही ते सोडून दिले.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल मात्र एक तक्रार आहे. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा फोन नंबर सर्वांना दिसतो. पथकाच्या ग्रुपमधून नंबर घेऊन एका अनोळखी गृहस्थाने दोन मुलींना रात्री संदेश पाठवण्यास सुरुवात केली होती. त्यानंतर आम्ही ग्रुप मोडून कम्युनिटी केली. तिच्या सूचनांच्या भागात फक्त ॲडमिन लिहितात आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. आपले चार ग्रुप असतील तर हा बदल आजच करावा, बाकी चर्चा नंतर.

पडदा | मंगळवार, सकाळी ७:५०

मी जत्रांतील नाटकांचे चित्रीकरण करतो, त्यामुळे चित्रफितींपुरतेच बोलतो. पण त्याविषयी सविस्तर बोलणे भाग आहे, कारण संस्था सर्वांत मोठी चूक येथेच करतात.

नाटक थेट दाखवणे आणि नाटक जपून ठेवणे ही दोन कामे आहेत. पुष्कळ मंडळे फेसबुकवर थेट प्रक्षेपण करतात, कारण पान आधीपासून असते आणि एक बटण दाबले की काम होते. मग ‘आपले नाटक फेसबुकवर आहे’ या समजुतीत सगळे निर्धास्त राहतात. १९ फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकवरील थेट प्रक्षेपणाची चित्रफीत ३० दिवसच राहते, त्यानंतर ती काढून टाकली जाते. त्याआधीची जुनी प्रक्षेपणेही हटवणार असल्याचे कंपनीने कळवले होते आणि ती उतरवून घेण्यासाठी मुदत दिली होती. ज्या संस्थांचे पान पुण्याला गेलेल्या मुलाच्या ईमेलवर उघडलेले होते, त्यांना ती सूचना दिसलीच नाही. टाळेबंदीच्या काळात रिकाम्या मंडपात केलेल्या आरत्या आणि भजने अशीच गेली. अंत्रुजकर, आपल्या पानावर त्या काळातील काही होते का, ते आजच पाहावे.

यूट्यूबवर प्रक्षेपण संपल्यावर चित्रफीत वाहिनीवर राहते आणि घरच्या दूरदर्शन संचावर मोठी करून पाहता येते. तीन तासांचे नाटक तळहातावर पाहण्याचा धीर फार थोड्यांना असतो. मात्र तेथे पहिल्यांदा थेट प्रक्षेपण सुरू करताना खाते पडताळून घ्यावे लागते आणि त्यानंतर २४ तासांपर्यंत थांबावे लागते. नाटकाच्या दिवशी दुपारी ही गोष्ट कळलेली मंडळे मी पाहिली आहेत. तेव्हा तुळशीच्या लग्नापर्यंत हे उरकून ठेवावे. मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करायचे तर वाहिनीला निदान ५० सदस्य असावे लागतात, ही अट वेगळी. गावात ५० माणसे मिळणे अवघड नाही, पण एका दुपारीत मिळत नाहीत.

संगीत नाटकाला आणखी एक अडचण येते. यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची यंत्रणा प्रत्येक चित्रफितीतील आवाज तिच्याकडे नोंदलेल्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहते. आपल्या नटाने गायलेले पद एखाद्या नामवंत गायकाच्या ध्वनिमुद्रणाशी जुळते असे तिला वाटले, तर हरकत येते आणि क्वचित ती चित्रफीत रोखलीही जाते. भारतीय कायद्यात नाटककाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. त्यामुळे आपल्याकडची पुष्कळशी जुनी संगीत नाटके आता सर्वांसाठी मोकळी आहेत. परंतु नंतरच्या कोणी त्यांची केलेली रंगावृत्ती आणि कोणाचे ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात. पद आपल्याच नटाने गायले असेल तर हरकतीला तसे उत्तर नोंदवता येते. फक्त ते करणारा माणूस ठरलेला असावा आणि त्याला इंग्रजीतले ईमेल वाचण्याचा कंटाळा नसावा.

मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यांतली एक वाचनालयात ठेवू नका. गोव्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते.

खाडीपार | मंगळवार, दुपारी १२:२०

दुबईहून लिहितो. पडदा यांच्याशी सहमत. गेल्या जत्रेतले नाटक आम्ही सात जणांनी एका खोलीत यूट्यूबवर पाहिले. येथे व्हॉट्सॲपवर संदेश येतात, पण कॉल लागत नाहीत, त्यामुळे गावाशी आमचा संबंध लिखित आणि ध्वनिफितींचाच. एक विनंती: सूचनेत ‘उद्या संध्याकाळी’ असे लिहू नये. पुढे पाठवलेला संदेश आमच्यापर्यंत तिसऱ्या दिवशी येतो आणि मग ‘उद्या’ म्हणजे कोणता उद्या हे विचारायला गावात फोन करावा लागतो. बोटीवर असलेल्या माझ्या चुलतभावाला तर आठवड्याने बंदर लागले की एकदम दोनशे संदेश मिळतात.

सर्व्हरवाला | मंगळवार, रात्री ९:४५

खाडीपार यांनी सहज लिहिलेले वाक्य मला या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या सूचनेचा मुख्य प्रवास ‘पुढे पाठवणे’ या वाटेने होतो, आणि त्या वाटेवर गेलेली सूचना परत बोलावता येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण तोवर कोणी तो पुढे पाठवला असेल तर त्या प्रतीत दुरुस्ती उमटत नाही. गेल्या जत्रेत आपण सहाव्या ठिकाणी वेळ बदलली असती, तरी व्याह्यांच्या ग्रुपमध्ये जुनी वेळ फिरतच राहिली असती. शिवाय पुढे पाठवण्यावर मर्यादाही आहेत. २०१८ मध्ये अफवांतून जमावाने माणसे मारल्याच्या घटना घडल्यानंतर भारतात एका वेळी पाचच संभाषणांत संदेश पुढे पाठवता येऊ लागला, आणि एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्या संदेशावर दोन बाणांची खूण येते आणि शहाणी माणसे अशी खूण पाहून तो न वाचता पुढे सरकतात. नाटकाच्या निमंत्रणाला अफवेची खूण लागावी, हे काही बरे नाही.

यावर उपाय जुना आहे. संस्थेचे स्वतःचे एक पान महाजालावर असावे आणि तारीख, वेळ, स्थळ फक्त तेथेच लिहावे. बाकी प्रत्येक ठिकाणी नाटकाचे नाव, एक चित्र आणि त्या पानाचा दुवा द्यावा. वेळ बदलली तर एका जागी बदलावी; दुवा कितीही हातांतून फिरला तरी उघडणाऱ्याला चालू वेळच दिसते. स्वतःच्या नावाचा पत्ता (डोमेन) थोडे वार्षिक शुल्क भरून मिळतो आणि पान उभे करण्यासाठी फुकट साधने आहेत. पत्ता मात्र संस्थेच्या मालकीचा हवा, म्हणजे उद्या साधन बदलले तरी पत्ता तोच राहतो.

आता अंत्रुजकरांच्या मूळ प्रश्नाकडे. मी स्वतः कोणत्याही मंचाकडे पाहताना दोन गोष्टी तपासतो: तेथे कोणाला काय दिसणार हे कोण ठरवते, आणि निघून जाताना आपल्याबरोबर काय नेता येते. पहिल्याचे उदाहरण म्हणून फेसबुकचे पान घ्या. पान पसंत करणाऱ्या प्रत्येकाला आपली सूचना दिसते असा समज अजून आहे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीरपणे सांगितले की यापुढे मित्र आणि कुटुंबीय यांच्या मजकुराला अग्रक्रम मिळेल आणि पानांचा मजकूर कमी दिसेल. इन्स्टाग्रामनेही २०१६ मध्येच काळानुसार मजकूर दाखवणे सोडले. त्यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. दुकान त्यांचे, मांडणीही त्यांचीच. पण ज्या सूचनेला तारीख असते, ती अशा ठिकाणी टाकणे म्हणजे पोस्टमनच्या मर्जीवर लग्नपत्रिका सोपवणे होय.

निघून जाण्याच्या बाबतीत इतिहासच पुरेसा आहे. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ रोजी सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झाले. ट्विटरला देशी पर्याय म्हणून गाजलेले कू जुलै २०२४ मध्ये बंद पडले. ट्विटर ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरना विकले गेले आणि जुलै २०२३ मध्ये त्याचे नावही बदलून एक्स झाले. याउलट अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या मॅस्टोडॉनसारख्या मंचावर एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर जाताना आपल्यामागचे लोक बरोबर येतात, लिहिलेला मजकूर मात्र मागेच राहतो. मला ही रचना मनापासून आवडते, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर आपल्या गावातील कोणीही तेथे नाही, तेव्हा वाचनालयाने तेथे जाऊन उपयोग नाही. तत्त्व चांगले म्हणून रिकाम्या मंडपात नाटक करू नये.

टेलिग्रामविषयी एक सावधगिरी. गट मोठा करता येतो, जुने संदेश नव्या माणसाला वाचता येतात, मोठ्या फाइली जातात. जुन्या हस्तलिखितांच्या प्रती वाटायला ते सोयीचे आहे. परंतु ते सिग्नल या संदेशांच्या ॲपसारखे बंदिस्त आहे हा समज चुकीचा आहे. टेलिग्रामवरील नेहमीची संभाषणे आणि गट दोन टोकांमध्ये कूटबद्ध नसतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाच वाचता येऊ नयेत अशी नसतात. ती सोय फक्त गुप्त संभाषणात असते. वाचनालयाच्या सूचनांना काय गुप्त ठेवायचे, हे खरे; तरी देणगीदारांची यादी तेथे ठेवू नये.

तिसवाडीचा तिरकस | मंगळवार, रात्री १०:३०

म्हणजे शेवटी देवळासमोरचा फळाच झाला. फक्त तो महाजालावर टांगलेला आहे. हे मला मान्य आहे. पण माझ्या वयाच्या माणसाला दुवा उघडायला सांगू नका. बँकेच्या नावाने आलेला दुवा उघडून आमच्या शेजाऱ्याचे पैसे गेले, तेव्हापासून आमच्या वाड्यावर दुव्याला कोणी बोट लावत नाही.

सर्व्हरवाला | मंगळवार, रात्री १०:५२

हा आक्षेप रास्त आहे आणि तो माझ्या लक्षात आला नव्हता. मग संदेशात तारीख आणि वेळ लिहावी, पण ‘बदल झाल्यास येथे कळेल’ असे म्हणून पत्ता द्यावा. पत्ता मराठी माणसाला वाचून कळेल इतका लहान आणि दर वेळी तोच असावा. दर कार्यक्रमाला नवा, अगम्य अक्षरांचा दुवा पाठवला तर लोक घाबरणारच. छापील पत्रिकेवर आणि वर्तमानपत्रातही तोच पत्ता द्यावा. आणि आपल्या शेजाऱ्यांना सांगावे की असे काही पुन्हा घडले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारींच्या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

पर्वरीचा पायंडा | बुधवार, सकाळी ११:१५

मी वकिली करतो. येथे सल्ला देत नाही, दोन माहितीच्या गोष्टी सांगतो.

ग्रुपचा ॲडमिन झाल्यामुळे आपल्यावर खटला होईल या भीतीने पुष्कळ चिटणीस ग्रुप सोडतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका प्रकरणात असे म्हटले की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन असल्यामुळे कोणी जबाबदार ठरत नाही. गोवा त्याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो. तरीही जेथे फक्त ॲडमिन लिहू शकतो, तेथे हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही, म्हणून माटोळीताईंची सूचना कायद्याच्या अंगानेही योग्य आहे.

दुसरी गोष्ट मुलांच्या वर्गाविषयी. इन्स्टाग्रामवर खाते उघडायला १३ वर्षे पूर्ण असावी लागतात, परंतु भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल मानली आहे आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातीच नाकारली आहेत. हस्तलिखिताच्या वर्गातील मुलांचे चेहरे, नाव आणि शाळेसह चढवण्याचा मोह टाळावा. हस्तलिखिताच्या पानाचे चित्र पुरते. चेहरा दाखवायचाच असेल तर प्रवेशअर्जावरच पालकांची सही घ्यावी, आणि नाही म्हणणाऱ्या पालकाकडे कारण विचारू नये.

माटोळी | बुधवार, दुपारी १:४०

पायंडाकाका, हे मला आमच्या पथकालाही लागू करावे लागेल. आमच्यात दोघी सोळा वर्षांच्या आहेत. आजवर आम्ही तोंडी विचारत होतो.

खाडीपार | बुधवार, दुपारी २:१०

फेसबुक एकदम बंद करू नये असे मला वाटते. येथे आणि इंग्लंडमध्ये असलेली आमच्या वडिलांच्या पिढीतील माणसे अजून तेथेच आहेत आणि देणग्या त्यांच्याकडूनच येतात.

अंत्रुजकर | गुरुवार, रात्री ८:५५

सर्वांचे आभार. पडदा यांचे वाचून मी मंगळवारीच फेसबुकचे पान तपासले. टाळेबंदीतली दोन भजने तेथे होती, ती आता नाहीत. एका तबलजींच्या मुलाने आपल्या वडिलांसाठी एक भजन उतरवून ठेवले होते, ते मिळाले. दुसऱ्याचा शोध सुरू आहे. यात दोष आमचाच आहे, कारण पानाला जोडलेला ईमेल आमच्यापैकी कोणीही उघडत नव्हते.

काल कार्यकारिणीची बैठक झाली. एक्सवरचे खाते सोडायचे ठरले. मी ते काढूनच टाकणार होतो, पण आमच्या नावाने दुसऱ्या कोणी खाते उघडू नये म्हणून नाव तसेच ठेवून वर फक्त पत्ता लिहिला आहे. टेलिग्रामच्या गटावर गेल्या दोन वर्षांत जे एकवीस संदेश आले, त्यांतले चौदा माझे होते; तो बंद केला. व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपची एक कम्युनिटी केली. त्यावर दोन ज्येष्ठ सभासद रागावले, कारण त्यांना आता सकाळी सुप्रभात लिहिता येत नाही. त्यांच्यासाठी गप्पांचा एक ग्रुप वेगळा ठेवला आहे आणि तो चालवण्याचे कामही त्यांनाच दिले आहे. नाटके यूट्यूबवर जातील. पडताळणी पूर्ण झाली असून वाहिनीचे सदस्य सध्या ३८ आहेत. फेसबुकवर महिन्यातून एकदा, एकच मजकूर आणि दुवा, एवढेच करू. खाडीपार यांचे देणगीदार दुखावू नयेत.

इन्स्टाग्रामबद्दल बैठकीत वाद झाला. अध्यक्षांचे म्हणणे असे की तालमीतील चुका बाहेर दाखवू नयेत. मी माटोळीताईंची पेटीवाल्या आजोबांची गोष्ट सांगितली, तेव्हा आमच्या स्वतःच्या पेटीवाल्यांनीच ‘माझी चूक दाखवा, पण त्या मुलाची नको’ असे म्हटले आणि विषय संपला. खाते नाट्यमंडळातील दोन मुलांकडे चवथीपासून जत्रेपर्यंत राहील. एरवी ते झोपले तरी चालेल. सर्व खाती संस्थेच्या ईमेलवर आणली आहेत. पासवर्ड लिहिलेले पाकीट लोखंडी कपाटात आहे, आणि ज्या सिमवर सर्व पडताळणी येते ते सिम संस्थेच्या नावाने घेतले आहे. स्वतःच्या पानाचे काम सर्व्हरवाला यांच्या मदतीने पुढच्या आठवड्यात होईल.

तिसवाडीचा तिरकस | गुरुवार, रात्री ९:२०

हे सगळे उत्तम. पण नाटकाची वेळ पुन्हा बदलली तर देवळासमोरच्या फळ्यावर ती कोण बदलणार?

अंत्रुजकर | गुरुवार, रात्री ९:३४

ग्रंथपालबाई. खडू त्यांच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात असतो, आणि त्या नसतील तेव्हा खणाची चावी समोरच्या फुलकार बाईंकडे.